टाचेखालची वीज: पीझो प्रोजेक्ट घेणाऱ्यांसाठी

शेवटच्या वर्षाला मी प्रोजेक्ट घेतला होता, चालता चालता मोबाईल चार्ज करणारी कोल्हापुरी चप्पल. टाचेत पीझोच्या, म्हणजे दाबल्यावर वीज देणाऱ्या सिरॅमिकच्या, चकत्या बसवल्या, पाय दाबला, आणि ऑसिलोस्कोपवर, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर, २० व्होल्ट दिसले. मोबाईलला ५ लागतात, म्हणजे काम झालं, असं त्या रात्री मला खरंच वाटलं.

व्होल्ट दिसले म्हणजे ऊर्जा मिळाली असं नाही. बाजारातल्या चकतीचा कपॅसिटन्स, म्हणजे चार्ज साठवण्याची क्षमता, साधारण २० नॅनोफॅरड. २० व्होल्टला त्यात साठतात फक्त ४ मायक्रोज्यूल. एका पायाचं पाऊल सेकंदाला एक धरलं, तर दहा चकत्यांचे झाले ४० मायक्रोवॅट. साधा चार्जर ५ वॅटचा. सव्वा लाख पट फरक! दोन ओळींचा हा हिशेब मी तिसऱ्या महिन्यात केला. तुम्ही विषय नक्की करण्याआधीच करा.

माणसाच्या चालण्यातून वॅट निघतच नाहीत असं नाही. २००८ साली कॅनडात गुडघ्यावर बांधायचा जनरेटर केला होता. दोन्ही पायांचे मिळून सुमारे ५ वॅट निघाले, पण प्रत्येक गुडघ्यावर १.६ किलो वजन. रोज कोण बांधून फिरणार?

दुसरी अडचण चकत्या फुटण्याची. दोन दिवसांत निम्म्या तडकल्या. कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या एका कारागीर मामांकडे चप्पल नेली. त्यांनी टाच उसवली, फुटकी चकती बोटावर धरली आणि म्हणाले, "पोरी, चामडं दबतंय, ही दबंना. मग फुटणारच की." त्यांनी पातळ चामड्याची कडी कापून चकतीच्या काठाखाली ठेवली. मधे केसभर पोकळी राहिली. आता चकती तेवढीच वाकायची आणि खालच्या तळाला टेकायची. त्यानंतर रंकाळा तलावाला रोज फेऱ्या मारल्या, चकत्या टिकल्या. सिरॅमिक वाकायला हवं, पण किती वाकायचं याला आडकाठी हवी, हे मला त्या पाटावर बसून कळलं.

मोजताना नुसतं उघडं, म्हणजे भार न जोडता दिसणारं, व्होल्टेज लिहू नका. चकतीला जोडलेला रेझिस्टर शंभर किलोओहमपासून दहा मेगाओहमपर्यंत बदलत जा आणि प्रत्येकावर पॉवर काढा. कुठेतरी शिखर सापडतं. साधा मल्टीमीटर स्वतःच दहा मेगाओहमचा भार टाकतो, हेही ध्यानात ठेवा. प्रत्येक चकतीला वेगळा ब्रिज, म्हणजे उलटसुलट येणारी वीज एकाच दिशेला वळवणारी डायोडची जोडणी, द्या. चकत्या एकाच क्षणी दबत नाहीत. नुसत्या जोडल्या तर एकीचा चार्ज दुसरीत जातो.

मोबाईलचा हट्ट सोडला आणि प्रोजेक्टला जीव आला. ब्रिजमागे कपॅसिटर, त्यापुढे अशी थोडी थोडी वीज गोळा करून स्थिर व्होल्टेज देणारी एलटीसी ३५८८ चिप, आणि पुढे छोटा ब्लूटूथ बीकन, म्हणजे छोटे संदेश पाठवणारा ट्रान्समीटर. पावलं साठत राहायची, कपॅसिटर भरला की एक संदेश जायचा. परीक्षकांनी विचारलं, "बॅटरी कुठाय?" मी टाच उघडून दाखवली.