ड्रायव्हर ठेवताय? रिकाम्या टेम्पोची ट्रायल घेऊ नका, आणि या चुकाही टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत ड्रायव्हरची परीक्षा बहुतेक अशीच होते. लायसनची झेरॉक्स घ्यायची, रिकाम्या टेम्पोची किल्ली द्यायची आणि गेटपासून तावडे हॉटेलपर्यंत एक फेरी मारून आणायची. गाडी बंद पडली नाही की "उद्यापासून या." मीही बरीच वर्षं हेच केलं.

रिकाम्या गाडीत कुणीही शहाणाच दिसतो. कास्टिंग म्हणजे ओतीव लोखंडी माल भरलेली तीच गाडी उतारावर कशी थांबते, ते त्या फेरीत कळत नाही. एकदा भरल्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून गगनबावड्याला गेलो. करूळ घाटाचा उतार लागला आणि त्याचा डावा हात आपसूक गिअरवर गेला. न्यूट्रल! "डिझेल वाचतंय की ओ, साहेब." दोन-चार वळणांत केबिनमध्ये ब्रेक लायनरचा जळका वास. माणूस अनुभवी, पण इतक्या वर्षांत त्याच्या शेजारी कुणी बसलंच नव्हतं.

डिझेलही वाचत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आताच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की डिझेलचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतंच. वर इंजिनाचा रोध गेला की सगळा भार ब्रेकवर, आणि तापलेला ब्रेक नेमका हवा तेव्हा धरत नाही. जुना नियम सोपा आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल, त्याच गिअरमध्ये उतरायचा. तेव्हा ट्रायल घ्यायची तर भरल्या गाडीवर आणि रोजच्या रस्त्यावर घ्या.

लायसन झेरॉक्सवर सोडू नका, 'सारथी' या सरकारी वेबसाइटवर नंबर टाकून मुदत आणि वर्ग बघा. सुप्रीम कोर्टाच्या नोव्हेंबर 2024 च्या निकालानुसार एलएमव्ही म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसनवर 7500 किलोपेक्षा कमी एकूण वजनाचं मालवाहू वाहन चालवता येतं. एकूण वजन म्हणजे मालासकट, ते आरसी बुकात लिहिलेलं असतं. मोठी गाडी असेल तर हे लायसन चालत नाही. लायसन नसलेल्याच्या हाती गाडी दिली तर मालकालाही मोटार वाहन कायद्याच्या कलम 180 खाली 5000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि 'ड्रायव्हर' म्हणजे फक्त टेम्पोवाला नव्हे. वसुलीला मोटरसायकलवर जाणारा पोरगा, सर्व्हिसला जाणारा मेकॅनिक यांची परीक्षा कुणीच घेत नाही. हेल्मेट दिलं आणि विषय संपला, असंच सगळीकडे.

रात्रीचं बोलायचं तर गळीत हंगाम. उसाच्या ट्रॉलीला मागचा दिवा असेलच असं नाही. ताशी 60 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते, म्हणजे ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढं अंतर संपलेलं असतं. दिवाळीनंतर नव्या माणसाला रात्री एकट्याला पाठवण्याआधी एक फेरी जुन्याबरोबर करू द्या. पहाटेची डिलिव्हरी असेल तर तो रात्री झोपला होता का, एवढं तरी विचारा.

नंतरच्या तक्रारी गाडीच सांगते. एकाच गाडीचे लायनर लवकर जातात? घाटात शेजारी बसा. क्लच प्लेट वारंवार? पाय पेडलवर ठेवायची सवय बघा. मागच्या बंपरला चेपे? तिथं ड्रायव्हरआधी तुमची लोडिंगची जागा बघा आणि रिव्हर्सला माणूस उभा करा. पण चेपा पडला की पगारातून कापायचं धोरण असेल, तर यातलं काही तुम्हाला कळणारच नाही. आमच्याकडे तेच होत होतं. कापणं बंद केल्यावर "आज थोडक्यात वाचलो" असं पोरं आपणहून सांगायला लागली, आणि ट्रेनिंगला काय शिकवायचं तेही त्यातूनच कळलं. हॉलमध्ये पंखे लावून दाखवलेल्या स्लाइडनं यातलं काहीच झालं नव्हतं.

तो न्यूट्रलवाला ड्रायव्हर आता नव्या पोरांना घाटात नेतो. खाली पोचल्यावर गाडी बाजूला घेतो आणि चाकाजवळ तळहात न टेकवता धरायला लावतो. धग लागली, तर उतरताना कुठं चुकलं ते पोरगं स्वतःच सांगतं.