किमोनो नेसताना या चुका टाळा

ओसाकात उन्हाळ्याच्या जत्रा सुरू झाल्या की आपल्या मराठी मुलींचे फोन येतात, "काकू, युकाता आणलाय, नेसवून द्याल का?" युकाता म्हणजे उन्हाळ्यातला सुती किमोनो. मी आनंदाने नेसवून देते. काळजी वाटते ती फोन न करणाऱ्यांची. एक व्हिडिओ बघायचा, दहा मिनिटांत गुंडाळायचं आणि निघायचं. साडी येते, मग यात काय अवघड, असं त्यांना वाटतं.

सगळ्यात मोठी चूक बाजूंची. नेसणाऱ्याची उजवी बाजू आधी अंगालगत घ्यायची आणि डावी तिच्यावर. बाई, पुरुष, लहान मूल, रेशमी किमोनो, सुती युकाता, सगळ्यांना हाच नियम. इ.स. 719 मध्ये जपानच्या गेन्शो सम्राज्ञीने साऱ्या प्रजेसाठी तसा हुकूमच काढला होता. उजवी बाजू वर घेऊन नेसवतात ते मृताला. पदर कुठल्या खांद्यावर आहे यावरून आपल्याकडे फार तर प्रांत ओळखतात. इथे उलटी बाजू दिसली की बघणाऱ्याला थेट अंत्यविधी आठवतो.

दोन वर्षांपूर्वी 25 जुलैला तेन्जिन जत्रेच्या आतषबाजीला निघालो होतो. शिकायला आलेली एक पुण्याची मुलगी घरूनच तयार होऊन आली. तिने फोनचा पुढचा कॅमेरा आरशासारखा समोर ठेवला होता आणि शेजारच्या फोटोशी स्वतःला तंतोतंत जुळवलं होतं. आरशात सगळं उलटं दिसतं, त्यामुळे जुळलं तिथेच चुकलं. मी स्टेशनवर पोचेपर्यंत एका अनोळखी आजींनी तिला कोपराला धरून स्वच्छतागृहात नेलं होतं. मी आत गेले तेव्हा ओबी, म्हणजे कमरेचा रुंद पट्टा, सुटलेला होता, आजींनी एक दोरी दातांत धरली होती आणि त्या दोन्ही बाजू नव्याने लावत होत्या. रागाचा एक शब्द नाही. शेवटी पाठीवरची मधली शिवण तळहाताने सरळ केली, वाकून नमस्कार केला आणि गर्दीत निघून गेल्या. कारण सांगितलं तेव्हा पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हापासून मी आरशावर विसंबत नाही. नेसून झालं की उजवा हात छातीपाशी गळपट्टीत घालून बघते. सहज आत गेला तर बरोबर.

दुसरी चूक सेफ्टी पिनांची, आणि ती खास आपली. बाईचा किमोनो साधारण तिच्या उंचीइतका लांब असतो. घोट्यापर्यंत आणायला जादा कापड कमरेवर दुमडतात, त्या घडीला ओहाशोरी म्हणतात. सगळा भार पहिल्या दोरीवर, म्हणजे कोशिहिमोवर असतो. मुली ती सैल बांधतात आणि घोळ सुटायला लागला की पिना टोचतात. कृपा करून नको! किमोनो एकाच अरुंद ठाणातून सरळ पट्ट्या कापून शिवतात. पूर्वीपासून तो उसवून, धुऊन, पुन्हा शिवून आईकडून लेकीकडे जात आला आहे. आज ताणाखाली पडलेलं भोक उद्या दुसऱ्या कुणाच्या अंगावर दिसणार. मी लोकरी मलमलची दोरी वापरते, नायलॉनची सरकते. कमरेच्या हाडावर दोन वेढे, घट्ट आवळून टोकं आत खोचायची. ही एक दोरी नीट बसली की बाकी सगळं बसतं. इथे घाई करणाऱ्यांना रस्त्यात थांबून सगळं आवरावं लागतं.

कंबर बारीक दिसावी म्हणून आवळू नका. किमोनोला सरळ अंग लागतं, मी कमरेला पातळ टॉवेल गुंडाळते.

ओबीची गाठ पुढे बांधून मागे न्यायला हरकत नाही, पण उजवीकडून फिरवा. डावीकडून फिरवलात तर गळ्याची घडी सुटते.

लांब बाह्यांचा फुरिसोदे अविवाहित मुलींचा. मैत्रिणीचा मिळाला म्हणून लग्न झालेलीने लग्नाला घालू नये. युकाताही लग्नाला नको, तो उन्हाळ्यातला सुती कपडा. चहाच्या समारंभाला बांगड्या, अंगठ्या घरी ठेवा, वाडग्यावर चरे पडतात.

घरी आल्यावर रेशमी किमोनो लगेच घडी करू नका. रुंद हँगरवर, उन्हापासून दूर, रात्रभर टांगा म्हणजे अंगाची ओल जाते. मग शिवणीवर शिवण ठेवून घडी घाला आणि तातोशी, म्हणजे किमोनो ठेवायच्या कागदात, गुंडाळा. युकाता मात्र त्याच रात्री धुवायला टाका.