जिवाणूंची वाट आधी शोधा, क्लोरीन नंतर टाका

पिण्याच्या पाण्याचा नमुना दूषित आला की पहिला हात टीसीएल पावडरीच्या (क्लोरीन असलेल्या ब्लीचिंग पावडरीच्या) डब्याकडे जातो. तो जरा आवरा. क्लोरीन टाकल्यावर पुढचा अहवाल बहुधा चांगला येतो, पण घाण शिरण्याची वाट तशीच राहते आणि काही दिवसांनी पुन्हा तोच अहवाल हातात पडतो. अहवालात ई. कोलाय हा जिवाणू असेल, तर मात्र त्याच क्षणी सर्वांना पाणी उकळून प्यायला सांगा. ई. कोलाय म्हणजे माणसाची किंवा जनावराची विष्ठा पाण्यात पोचली आहे. 100 मिलिलिटर पाण्यात तो एकही चालत नाही. नुसते कोलिफॉर्म (ई. कोलाय ज्या मोठ्या गटात मोडतो ते जिवाणू) मात्र मातीतून किंवा पाइपातल्या बुळबुळीत थरातूनही येतात. घबराट नको, पण शोध हवाच.

एकाच दिवशी चार ठिकाणचे नमुने घ्या: विहीर किंवा बोअर, टाकीत पडणारे पाणी, टाकीतले पाणी आणि सर्वांत लांबचा नळ. नमुना घेण्यातच सर्वाधिक चुका होतात, म्हणून इथे घाई करू नका. नळाला जाळी बसवलेली असेल तर ती काढा आणि आतून बोट फिरवून पाहा. बोटाला शेवाळासारखा चिकटपणा लागला तर संशयित तिथेच सापडला. गळका नळ नमुन्यासाठी निवडू नका. नळाचे तोंड 70 टक्के अल्कोहोलने पुसा आणि दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्या. बाटली प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुकच हवी. तिच्या तळाशी जी चिमूटभर पूड दिसते, ते सोडियम थायोसल्फेट. ते पाण्यातला क्लोरीन मारते, नाहीतर जिवाणू बाटलीतच मरतात आणि दूषित पाणी शुद्ध ठरते. म्हणून बाटली विसळायची नाही. झाकण खाली ठेवायचे नाही, आतून बोट लावायचे नाही, वर थोडी जागा मोकळी ठेवायची. बर्फाच्या डब्यातून सहा तासांत पोचवा. फार तर 24 तास.

पाणी दूषित असेल तर काळी पडणारी एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड) चाचणीची बाटली प्राथमिक चाचणीला चांगली, पण पाण्याला मुळातच सडक्या अंड्यासारखा वास असेल तर ती उगाच काळी होते.

आता अहवाल शेजारी-शेजारी मांडा. उगमाचे पाणी फक्त पावसानंतर बिघडत असेल तर वरचे पाणी झिरपते आहे: कठड्याची भेग, विहिरीभोवतीचा फुटलेला ओटा, जमिनीलगत कापलेली केसिंग (बोअरमध्ये बसवलेला बाहेरचा पाइप) किंवा केसिंगबाहेरची न भरलेली पोकळी. केसिंग जमिनीपासून निदान 30 सेंटिमीटर वर हवी आणि ओट्याचा उतार बाहेरच्या बाजूला. उगम बारा महिने दूषित असेल तर चढाच्या बाजूचा शोषखड्डा किंवा गोठा पाहा. उगम चांगला आणि टाकी वाईट असेल, तर झाकणाची फट आणि ओव्हरफ्लोचे जाळी नसलेले तोंड तपासा. पाली आणि उंदीर तिथूनच आत येतात.

टाकी चांगली आणि नळ वाईट, हे कोडे सर्वांत अवघड. पाणी ठरावीक वेळीच सोडले जात असेल, तर बंद वेळेत पाइप रिकामा होताना आत ओढ तयार होते आणि गळक्या सांध्यातून बाहेरचा चिखल आत खेचला जातो. जिथून पाणी बाहेर गळते तिथूनच घाण आत येते. गटारातून किंवा गटाराखालून गेलेले सांधे आधी उघडा. बादलीत बुडालेली नळाची रबरी नळीही असेच पाणी परत ओढते. नळाचे तोंड भांड्याच्या काठाच्या वरच राहिले पाहिजे.

वाट बुजवल्यावर निर्जंतुकीकरण. आधी टाकी रिकामी करून गाळ काढा, भिंती घासा. गाळात क्लोरीन वाया जातो. मग टाकी पुन्हा भरा. मात्रा लिटरला 50 मिलिग्रॅम. म्हणजे 1000 लिटरला 50 ग्रॅम क्लोरीन, 30 टक्क्यांच्या ताज्या पावडरीने सुमारे 167 ग्रॅम. उघडी राहिलेली, दमट पावडर या हिशेबात धरू नका, तिचा दम गेलेला असतो. हातमोजे घालून मोकळ्या हवेत बादलीत कालवा, स्थिर होऊ द्या आणि फक्त वरची निवळी टाकीत ओता. अॅसिडशी तिचा संबंध येऊ देऊ नका, विषारी वायू सुटतो. प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडा, मग बंद करून 12 ते 24 तास पाणी तसेच ठेवा. हे पाणी पिऊ नका. नंतर सगळे सोडून द्या, पण ओढ्यात किंवा तळ्यात नाही, मासे मरतील.

रोजच्या पाण्यात 30 मिनिटांनी मुक्त (वापरला न जाता शिल्लक राहिलेला) क्लोरीन लिटरला 0.5 आणि शेवटच्या नळाला निदान 0.2 मिलिग्रॅम हवा. पाणी गढूळ असेल तर आधी निवळा, कणांआड जिवाणू लपून वाचतात. डीपीडी गोळीने (क्लोरीन असल्यास पाणी गुलाबी करणाऱ्या गोळीने) तपासताना रंग क्षणभर गुलाबी होऊन लगेच उडाला, तर क्लोरीन शून्य समजू नका. तो फार जास्त असल्याने रंगच जाळून टाकतो. पाणी पातळ करून पुन्हा पाहा.

जास्तीचा क्लोरीन पूर्ण धुऊन निघाल्यावर पहिला नमुना, त्यानंतर साधारण आठवड्याने दुसरा, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर तिसरा घ्या. तोही स्वच्छ आला, तर वाट खरोखर बुजली.