गॅस गीझर, शेगडी आणि चिमणी: या चुका टाळा

फ्लॅटचा ताबा मिळाला की पुण्यात एक काम ठरलेलं असतं: ड्राय बाल्कनीला सरकत्या काचा बसवणं. धूळ थांबते, कबुतरं थांबतात. पण गॅस गीझर त्याच बाल्कनीत असेल, तर काचा लागताच त्याच्या धुराची वाटही बंद होते. माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच.

बंद जागेत ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. सिलिंडरचा ओळखीचा वास गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. जळालेल्या गॅसला तो राहत नाही. त्यामुळे ‘वास येत नाही ना, मग काही नाही’ यावर विसंबू नका. हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो.

सुरुवातीला डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं. आपण म्हणतो, पित्त झालं असेल. घरातल्या दोघातिघांना एकदमच असं होत असेल आणि बाहेर गेल्यावर बरं वाटत असेल, तर पित्ताची गोळी नको, गीझर बंद करा. कोविडमध्ये घेतलेल्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसले तरी निर्धास्त होऊ नका. साध्या ऑक्सिमीटरला या वायूने अडवलेलं हिमोग्लोबिनही ऑक्सिजनचंच वाटतं.

गीझर बाथरूममध्ये नकोच. बाल्कनीत असेल तर काचांच्या वरचा भाग कायमचा उघडा ठेवून जाळी लावा. नुसता एक्झॉस्ट फॅन पुरत नाही: दारं-खिडक्या बंद असतील तर फॅन धुराच्या पाइपातूनच हवा उलटी आत ओढू शकतो.

चिमणीचंही तसंच. डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप, नसलेली चिमणी तेल-वास अडवते आणि हवा परत स्वयंपाकघरातच सोडते. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड घरातच राहतात. नायट्रोजन डायऑक्साइड तर स्वच्छ निळ्या ज्योतीतूनही निघतो आणि दम्याच्या मुलांना त्रास देतो. दिवाळीच्या चकल्या तळायला बसलात तर थंडी वाजली तरी खिडकी उघडी हवी. डक्ट असेल तर त्याचं बाहेरचं तोंड एकदा बघा, कबुतरं तिथे घरटं करतात.

पातेल्याचा बुडखा काळा होतोय? म्हणजे ज्योत पिवळी आहे, गॅस अर्धवट जळतोय. बर्नर घासा. भाड्याचं घर बदलताना पीएनजीची, म्हणजे पाइपने येणाऱ्या गॅसची शेगडी सिलिंडरला तशीच जोडली असेल, तर मेकॅनिककडून जेट (गॅस सोडणारी बारीक छिद्राची तोटी) बदलून घ्या.

कुणाला भोवळ आलीच, तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन लावा. दवाखान्यात ‘गॅस चालू होता’ हे आवर्जून सांगा. मग डॉक्टर रक्तातला कार्बन मोनॉक्साइड तपासतात आणि मास्कने ऑक्सिजन लगेच सुरू करतात.