नवा महाग लॅपटॉप घ्यावा की मागच्या वर्षीचा? गावी राहणाऱ्यांनी निर्णय कसा करावा

दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे चुकारे हाती येतात आणि नेमक्या त्याच काळात लॅपटॉपच्या नव्या मॉडेलांच्या जाहिरातीही जोरात असतात. समजा, तालुक्याच्या दुकानात मागच्या वर्षीचे मॉडेल ५२,००० रुपयांना आणि नुकतेच आलेले मॉडेल ६८,००० रुपयांना मिळत आहे. अशा वेळी तपासायचे असते ते एवढेच, की वरच्या १६,००० रुपयांत नेमके काय अधिक मिळते आणि ते आपल्या रोजच्या कामाला लागते का.

त्यासाठी प्रथम काम कागदावर लिहून काढावे. एमपीएससीची तयारी, ऑनलाइन वर्ग, टंकलेखन आणि हिशेब एवढेच असेल तर गेल्या तीन-चार वर्षांतला कोणताही चांगला प्रोसेसर पुरतो. अभियांत्रिकीचे नकाशे, लग्नाच्या व्हिडिओंचे संपादन किंवा प्रोग्रामिंग असेल तर वेगाचा फरक खरोखर जाणवतो. घरी जुना लॅपटॉप असल्यास सर्वांत जड काम सुरू असताना टास्क मॅनेजर (कोणता भाग किती वापरात आहे हे दाखवणारी विंडोजची सोय) उघडून पाहावे. मेमरी सतत भरलेली दिसली तर रॅम, म्हणजे काम चालू असताना लागणारी तात्पुरती मेमरी, कमी पडत आहे, डिस्क शंभर टक्क्यांवर अडकली असेल तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (अधिक वेगवान साठवण) बसवल्याने काम भागू शकते, आणि प्रोसेसरच थकत असेल तरच त्या कारणासाठी नवे यंत्र घ्यावे. मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट मिळणे, संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुन्या यंत्रावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

यानंतर प्रोसेसरचे पूर्ण नाव वाचावे, कारण सर्वांत मोठी फसगत येथेच होते. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरबद्दल ‘रायझन ५, ७००० मालिका’ एवढे ऐकून समाधान मानू नये. त्या मालिकेत चार अंकांपैकी तिसरा अंक आतली रचना सांगतो. ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे २०१९ साली आलेली झेन २ रचना. ७५३०यू मध्ये झेन ३, आणि ७५४०यू मध्ये झेन ४. तिन्हींच्या डब्यावर ‘रायझन ५’ असेच ठळक छापलेले असते. इंटेलच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी. २०२४ च्या आरंभी आलेला ‘कोअर ५ १२०यू’ नावाने नवा वाटतो, पण त्याची रचना आधीच्या ‘आय५-१३३५यू’ च्याच घराण्यातली आहे, तर ‘कोअर अल्ट्रा ५ १२५यू’ मध्ये रचना खरोखर बदललेली आहे. नाव बदलले आणि रचना तीच राहिली असेल, तर नव्या मॉडेलसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण प्रोसेसरमध्ये तरी नाही, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

रॅमच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊ नये. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा मदरबोर्डवर पक्की बसवलेली असते आणि ती पुढे वाढवता येत नाही. म्हणून जुने मॉडेल ८ जीबीचे व न वाढणारे आणि नवे १६ जीबीचे असेल, तर स्वस्ताईचा हिशेब उलटतो. जुने मॉडेल चार वर्षांत अपुरे पडले तर वर्षाला १३,००० रुपये पडतात. नवे सहा वर्षे चालले तर साधारण ११,३०० रुपये. जुन्या मॉडेलमध्ये रॅमची मोकळी खाच असेल तर पारडे पुन्हा जुन्याकडे झुकते. खाच आहे की नाही, हे दुकानदाराच्या तोंडी शब्दावर न सोडता कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेल क्रमांकाखाली पाहावे.

एआयच्या नावाने मागितल्या जाणाऱ्या किमतीचाही विचार करावा. मायक्रोसॉफ्टच्या ‘कोपायलट प्लस’ शिक्क्यासाठी सेकंदाला किमान ४० लाख कोटी क्रिया करणारा एनपीयू (एआयच्या कामांसाठीचा वेगळा भाग), १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण लागते. त्यातली १६ जीबी रॅम उपयोगाची आहे. केवळ एनपीयूसाठी आज जादा पैसे देऊ नयेत, कारण रोजची बहुतेक कामे त्याला हातही लावत नाहीत. गावात इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून येत असेल तर वाय-फाय ७ नेही काही फरक पडणार नाही. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी इंटेल-एएमडीहून वेगळ्या जातीच्या स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा लॅपटॉप घेण्यापूर्वी विशेष काळजी घ्यावी. त्यावर साधे प्रोग्राम चालतात, पण अंगठ्याचे यंत्र, डिजिटल सहीचा टोकन आणि जुना प्रिंटर यांना त्या प्रोसेसरसाठीच बनवलेला ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारा प्रोग्राम) लागतो. तो उपलब्ध नसेल तर कितीही वेगवान यंत्र केंद्राच्या कामाचे नाही.

आता आपल्या भागाच्या प्रश्नांकडे वळतो, कारण माझ्या मते निम्मा निर्णय येथेच होतो. अनेक कंपन्या आपले लॅपटॉप ३५ अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेत वापरावेत असे सांगतात, आणि अकोला, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. अशा उन्हाळ्यात टिनाच्या छपराखाली पंखा नसलेले अतिपातळ यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते, त्यामुळे कागदावरचा नवा वेग दुपारी प्रत्यक्षात मिळत नाही. सतत उष्णतेत राहिलेल्या बॅटरीचे आयुष्यही घटते. म्हणून थोडे जाड, पण चांगला पंखा असलेले यंत्र मी पसंत करीन. कापसाच्या हंगामात घरात गंजी लागलेली असेल तर तंतू पंख्याच्या जाळीत अडकतात. तेव्हा खालचे झाकण साध्या स्क्रूंनी उघडून साफ करता येते का, हेही विचारावे.

नव्या मॉडेलसाठी पैसे मोजण्याचे सर्वांत सबळ कारण बॅटरी हे असू शकते. वादळाने लाइन गेली की कधी परत येईल याचा भरवसा नसतो. बॅटरीची क्षमता वॅट-अवरमध्ये दिलेली असते आणि तिला सरासरी वापराने भागले की तास मिळतात: ४२ वॅट-अवरची बॅटरी १० वॅट खाणाऱ्या यंत्राला चार तास पुरते, तर ५६ वॅट-अवरची बॅटरी ७ वॅटवर चालणाऱ्या यंत्राला आठ तास. जाहिरातीतले तास स्क्रीनचा उजेड कमी ठेवून मोजलेले असतात, त्यामुळे स्वतंत्र चाचण्यांत तेच मॉडेल किती चालले ते पाहावे. घरी इन्व्हर्टर असेल तर या फरकाचे महत्त्व कमी होते, आणि नसेल तर त्या १६,००० रुपयांतून आधी इन्व्हर्टरचा विचार करावा. तो साऱ्या घराच्या उपयोगी पडतो.

दुरुस्तीचेही आधीच पाहून ठेवावे. कंपनीचे अधिकृत केंद्र नागपूर किंवा अमरावतीलाच असेल, तर घरी येऊन दुरुस्तीची हमी आपल्या पिनकोडला लागू आहे का, हे कंपनीकडे लेखी विचारून घ्यावे. विद्यार्थी बसने ये-जा करणार असेल तर स्क्रीन फुटण्यापासून संरक्षण देणारी जादा हमी मला नव्या प्रोसेसरपेक्षा मोलाची वाटते.

भावाच्या बाबतीत घाई करू नये. नवे मॉडेल आल्यावर जुन्याचा साठा खाली करण्यासाठी सवलत मिळू लागते. ती मिळत नसेल आणि दोन्हींच्या किमतीत दोन-चार हजारांचेच अंतर असेल, तर नवेच घ्यावे. विनाव्याज हप्ता सांगितला तरी प्रक्रिया शुल्क किती आणि रोखीने भाव किती, हे दोन्ही आकडे मागावेत. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाने आपल्या क्रमांकाचे बिल घेतल्यास १८ टक्के कराची वजावट मिळू शकते.

दुकानात डबा उघडण्यापूर्वी त्यावर छापलेला निर्मितीचा किंवा आयातीचा महिना वाचावा, कारण ‘नवा’ म्हणून दाखवलेला माल कधी दीड वर्ष पडून असतो. मॉडेल क्रमांक अक्षर न अक्षर जुळवावा. अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून हमी कधीपासून धरली आहे ते तेथेच पाहावे, आणि ती तारीख बिलाच्या आधीची निघाली तर दुरुस्त करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.