मरीन टँक भरताना पाण्याच्या या चुका टाळा

मरीन टँकसाठी, म्हणजे समुद्री मासे-कोरल ठेवायच्या काचेच्या टाकीसाठी, लाइट घेताना माणूस हात सैल सोडतो, समुद्राचं पाणी बनवायचं मीठ परदेशी ब्रँडचं मागवतो आणि टँक भरायची वेळ आली की विचारतो, "पाणी नळाचंच घेऊ ना? टीडीएस (पाण्यात विरघळलेले घटक) तर कमी आहे." हे 'टीडीएस कमी आहे' ऐकून ऐकून कान किटलेत. टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेलं एकूण किती ते अंदाजाने सांगतो. काय विरघळलंय ते सांगत नाही. आणि मरीन टँकमध्ये प्रश्न नेमका तोच असतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे एसीचं पाणी. डोंबिवलीतल्या एका मित्राने अख्खा उन्हाळा एसीच्या नळीखाली बादली लावून पाणी साठवलं. फुकट, मीटरवर आकडा जेमतेम 9, वर पाणी वाचवल्याचं पुण्य. टँक सायकल झाला (घाण पचवणारे जिवाणू तयार झाले), क्लाउनफिशची जोडी सोडली, मजेत होती. मग क्लीनर श्रिंप (माशांचं अंग साफ करणारी कोळंबी) आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी उताणे. दुकानदार म्हणाला, तुम्ही घाईने सोडले. पुन्हा आणले, या वेळी नळीने थेंब थेंब पाणी देत दुपारभर बसला, तेही गेले. काचेवरच्या गोगलगायी एकेक करत सुटून वाळूत पडल्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, मासे ठणठणीत, त्यामुळे पाण्यावर कुणाचा संशयच जाईना. शेवटी मी कॉपरची टेस्ट किट घेऊन गेलो आणि टेस्ट ट्यूबमध्ये रंग चढला, म्हणजे पाण्यात तांबं होतं.

एसीच्या आतली कॉइल बहुतेक वेळा तांब्याच्या नळ्यांची असते, त्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या. हवेतल्या वाफेचं पाणी होतं ते त्यांच्याच अंगावर, वर्षभराच्या धुळीसकट. आपल्या साध्या मीटरला एक पीपीएमच्या (दहा लाखात एक भाग) खालचं काही दिसत नाही, आणि श्रिंप मारायला त्याचा छोटासा अंश पुरतो. मासे तगले कारण ते कॉपर बऱ्यापैकी सोसतात. त्यांच्या काही रोगांवर कॉपर मोजून औषध म्हणून देतातच. खरा वैताग पुढे आहे. लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड) आणि वाळू कॉपर धरून ठेवतात आणि हळूहळू सोडत राहतात. पाणी बदलून त्याचं भागलं नाही, दगड आणि वाळू दोन्ही टाकावी लागली. पाणी फुकटात पडलं, दगडांचे पैसे गेले.

दुसरी लाडकी चूक, घरातला पिण्याचा आरओ. "आरओचंच आहे" म्हणून लोक छाती काढून सांगतात. अहो, ते पाणी तुमच्या जिभेसाठी बनवलेलं आहे. बऱ्याच मशीनमध्ये चव यावी म्हणून टीडीएस कंट्रोलर असतो, तो मेम्ब्रेनला (आरओच्या मुख्य गाळणीला) वळसा घालून आलेलं थोडं पाणी परत मिसळतो. पुढे मिनरलचं कार्ट्रिज. आणि हल्ली तर 'तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचे गुण' म्हणून कॉपरचं कार्ट्रिज मिरवतात! पोटाला काय गुण येतो तो येवो, कोरलला तो विषच. माझी पद्धत सोपी आहे: मेम्ब्रेनमधून निघालेली नळी थेट काढून घ्यायची, मागच्या कार्ट्रिजांना हात लावू द्यायचा नाही, आणि पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांचा) डबा जोडायचा. नळाच्या पाण्याचा टीडीएस 300 असेल तर मेम्ब्रेननंतर 10-15 येतं, डीआयनंतर 0. नुसत्या मेम्ब्रेनवर थांबलात तर थोडी सिलिका निसटून पुढे येते, मग पांढऱ्या वाळूवर तपकिरी डायटमचा (सूक्ष्म शेवाळाचा) थर बसतो. नव्या टँकमध्ये तो थोडाफार येतोच, पण महिनोन्‌महिने हटत नसेल तर आधी पाणी तपासा. रेझिनचा रंग बदलला की बदला. "अजून थोडे दिवस चालेल" म्हणणारेच नंतर शेवाळावर औषध विचारत फिरतात.

मुंबईकरांचा हट्ट वेगळा. तानसा-वैतरणा-भातसाचं पाणी मीटरवर मऊ दिसतं, म्हणून थेट नळाला पाइप. त्यातल्या क्लोरीनचं काय? हायपो (सोडियम थायोसल्फेट) टाकून क्लोरीन जातं हे खरं. जुन्या इमारतीच्या टाकीतून आणि पाइपांतून आलेलं बाकीचं जात नाही. पुण्यात बोअरचं पाणी वापरणाऱ्यांशी तर मी वादच घालत नाही.

"समुद्र दारात असताना मीठ विकत कशाला?" जुहू-माहीमच्या किनाऱ्यावरून बादली भरणाऱ्यांनी तिथे कुठले नाले येऊन मिळतात ते एकदा बघून यावं. पावसाळ्यात किनाऱ्याजवळचा खारटपणाही पार उतरतो. मालवण-देवगडकडे राहत असाल, ओळखीच्या होडीतून दिवाळीनंतर खोलातलं पाणी मिळत असेल, तर जरूर घ्या. गाळून, झाकून, अंधारात काही आठवडे मुरू द्या. पुण्याहून कॅन घेऊन गाडी काढणार असाल तर पेट्रोलच्या पैशात मीठ येतं.

बाकीच्या चुका चटकन सांगतो. खडामीठ म्हणजे जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात लिटरला 400 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आणि 1,300च्या आसपास मॅग्नेशियम असतं, ते खडामिठातून पुरेसं येत नाही. बॅटरी वॉटर (बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी) कुठल्या डब्यात भरून आलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. भंगारवाल्याकडचा निळा ड्रम कितीही धुतला तरी नको, त्यात आधी काय होतं कोण सांगणार? मिठावर पाणी ओतू नका, पाण्यात मीठ टाका, नाहीतर तळाशी पांढरी साय धरते आणि ती परत विरघळत नाही. लिटरला साधारण 35 ते 38 ग्रॅम, पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) लावून रात्रभर फिरवा, मग रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या यंत्रावर) विशिष्ट गुरुत्व 1.025 बघा. रिफ्रॅक्टोमीटर 35 पीपीटीच्या (हजारात 35 भाग मीठ) द्रावणावर जुळवून घ्या, साध्या पाण्यावर नव्हे.

आणि डीआयचं एक-दोन कॅन पाणी बाजूला ठेवा. टँकमधून पाणी उडतं, मीठ उडत नाही. पातळी खाली गेली म्हणून खारं पाणी ओतत राहिलात तर महिन्याभरात 1.030 गाठाल. टॉप-अप फक्त गोड्या पाण्याचा, आणि तोही याच शून्य टीडीएसच्या कॅनमधून.