पुनर्वसन वॉर्डातला फॅमिली डॉक्टर

एमबीबीएसनंतर नीट-पीजी देऊन मी फॅमिली मेडिसिनमध्ये ३ वर्षांचं डीएनबी, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, केलं, ते गावाकडे दवाखाना काढायचा म्हणून. नोकरी मात्र लागली रुग्णालयाच्या पुनर्वसन विभागात. लकवा, मणक्याचा मार, मधुमेहात पाय गमावलेले. इथे माझं काय काम, हेच कळेना.

पहिल्या वर्षातली चूक अजून बोचते. लकव्याचे एक आजोबा काठी धरून चालू लागले. रोजची कामं स्वतः किती जमतात ते १०० पैकी मोजणारा बार्थेल स्कोअर २५ वरून ७० वर गेला, तेव्हा मी त्यांना आनंदाने घरी सोडलं. तीन आठवड्यांनी ते माकडहाडावर जखम घेऊन परतले. संडास अंगणापलीकडे, उकिडवं बसायचं, वाटेत पायऱ्या. सुनेला त्रास नको म्हणून आजोबा पाणीच कमी प्यायचे आणि दिवसभर खाटेवर पडून असायचे. वॉर्डातल्या सपाट फरशीवर मी त्यांना चालवलं होतं, पण घर कसं आहे हे विचारलंच नव्हतं.

आता पेशंट दाखल झाला की पहिल्याच दिवशी विचारतो: उंबरठा केवढा, कमोड आहे का, दुपारी घरी कोण असतं? घर ओळखण्याची ही सवय फॅमिली मेडिसिननेच लावली. वॉर्डात माझं काम काय, ते मला असं सापडलं.

नव्याने येणाऱ्यांनी एक गोष्ट पाठच करावी. छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर मज्जारज्जूला इजा झालेल्या पेशंटचं डोकं अचानक ठणकू लागलं, चेहऱ्यावर घाम आला, बीपी चढलं, तर आधी त्याला उठवून बसवा, कपडे सैल करा आणि लघवीची नळी बघा. पुष्कळदा ती मुडपलेली किंवा तुंबलेली असते. नळी मोकळी झाली की बीपी उतरू लागतं. नुसत्या गोळ्या देत बसलात तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

पुढे पुनर्वसनाच्या विषयात एमडी करता येतं. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासूनची पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे. कृत्रिम पाय कसा बसवतात, ते तिथे जाऊन जरूर बघा.

इंटर्नना मी आधी फिजिओ आणि मावशींच्या हाताखाली देतो. लुळा हात ओढून उठवलं की खांदा निसटतो, हे मावशी करून दाखवतात. मग प्रत्येकाला व्हीलचेअरवर बसवून संडासापर्यंत जाऊन यायला सांगतो. परत आल्यावर ते दाराची रुंदी मोजायला टेप मागतात.